सतरा शिट्ट्यांचं पाणी

आधी पाण्याचं ऐका, कारण पुढच्या साऱ्या भानगडीची माय तेच पाणी आहे.

चंद्रपुरात सोनटेकडी वार्डात नळाले पाणी रोज येते, सकाळी सहाले धो धो येते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाई. पण ते पाणी म्हणजे पाणी कमी अन् चुना जास्त. बादलीच्या बुडाले पांढरा थर, नळाच्या तोंडाले पांढऱ्या मिशा. स्टीलचा गिलास धुऊन पालथा घातला तर वाळल्यावर असा दिसते, जसं कोणी दूध पिऊन तसाच ठेवला. गुणवंतरावाच्या घरचं गिझर एकदा बंद पडलं, मिस्त्रीनं आतला रॉड काढला, तर तो कुल्फीसारखा पांढरा अन् जाडजूड! अख्खा वार्ड तो रॉड हातात घेऊन पाहून गेला. एका म्हातारीनं तर नमस्कार पण केला.

अशा घरात मे महिन्यात रिना सून म्हणून आली. सावली गावची पोरगी, वैनगंगेच्या पाण्यावर वाढलेली. तिकडचं पाणी कसं, साबण नुसता दाखवला तरी फेस. इथी पहिल्या सकाळी आंघोळीले गेली, साबण घासते, घासते, घासते, फेसच नाई! अर्धा साबण झिजला, वरून अंगाले दह्यासारखे कण चिकटले. तिनं आतूनच आवाज दिला, "अवो, हा साबण नकली आहे!"

नवरा धम्मदीप, नवीन नवीन लग्न, तो काय थांबते? धावत गेला इतवारीभाऊच्या दुकानात, दुसरा साबण आणला. दरवाज्याच्या फटीतून आत. "हाही नकली!" परत धावला. तिसरा. इतवारीभाऊ दुकानात हसून हसून काउंटरवर पडला, पण साबण विकत राह्यला. शेवटी सासू, सुगंधाबाई, दरवाज्यापाशी येऊन म्हणे, "बाई, साबण खरा आहे. पाणीच आपलं जिद्दी आहे. निघ बाहेर, नाईतर दुकान खाली होईन."

रिनाले या साऱ्याचं हसूच येत होतं. आठ दिवसांत केस खराट्यासारखे झाले, तरी हसली. धम्मदीप एसटीत कंडक्टर. त्याचा खाकी शर्ट दोरीवरून काढला तर तो असा कडक का जमिनीवर उभा केला तर उभाच राह्यला. ती म्हणे, "तिकीट फाडाले यालेच पाठवा आता, तुम्ही घरी राहा." पण डाळ? डाळीचं हसू नाई आलं.

काऊन का सावलीत रिना वरणासाठी ओळखली जाये. बारसं असो, तेरवी असो, वरणाच्या गंजापाशी रिनालेच उभं करत. तिची माय रुखमा तर बसमध्ये अनोळखी बायांलेही सांगे, "माह्या लेकीच्या हातचं वरण खाल्लं नाई का तुम्ही? अरेरे." अन् इथी सासरी पहिल्या दिवशी कुकर लावला. तीन शिट्ट्या, डाळ तशीच. सात, तशीच. बाराव्या शिट्टीले सासरा गुणवंतराव पेपर घेऊन अंगणात जाऊन बसला. शेजारची दिव्यानी भिंतीवरून बोटं मोजून राह्यली होती.

"रिना वो, सतरा झाल्या! तुही गाडी कोणत्या टेशनावर थांबते?"

सतराव्या शिट्टीनंतर झाकण उघडलं तर पिवळ्या पाण्यात दाणा न् दाणा अलग, गोट्या खेळाले घ्या.

अन् खरं दुःख हे, का बाकीच्या घरची डाळ एकदम मऊ! दिव्यानीनं वाटीभर वरण पाठवलं, लोण्यासारखं. समोरच्या काकूचं, तसंच. "आमची तं पाच शिट्टीतच होते बापा," ज्याले विचारा तो हेच सांगे. मंग दोष कोणाचा? पाणी तं साऱ्यांचं एकच. रिनानं सावलीले फोन लावला अन् रडली. "माय, माहा हात बिघडला वो."

"हात नाई बिघडला," रुखमा म्हणे, "जावयाची बस कितीले येते सावलीत?"

धम्मदीपची ड्यूटी गडचिरोली-चंद्रपूर. रोज साडेतीनले बस सावलीच्या स्टँडवर, अन् तिथी रुखमा पाण्याची कॅन घेऊन उभी! जावई कॅन घेई, सीटखाली ठेवे, घंटी वाजवे, चाल. दोन-चार दिवसांत प्रवाशाईले शंका आली. एक म्हातारा विचारे, "साहेब, हे कायचं औषध होय?" धम्मदीप म्हणे, "सासूबाई देते, घरी भल्ला फरक पडला." झालं! म्हातारा हट्टाले पेटला का मले झाकणभर द्या, गुडघ्याले लावतो. लावलं त्यानं. अन् दुसऱ्या दिवशी सांगे का उतार पडला.

त्या पाण्यात डाळ शिजली तीन शिट्टीत. भिंतीवरून दिव्यानीचं डोकं वर आलं. "तीन? बंद काऊन केला गॅस? सिलिंडर संपलं का?" रिनानं वाटीत वरण दिलं. दिव्यानीनं खाल्लं अन् वाटी घेऊन तशीच गल्लीत धावली. महिनाभरात सोनटेकडीत एकच गोष्ट, का गुणवंतरावाच्या सुनेच्या हातात जादू आहे. रिनानं कॅनची गोष्ट कोणालेच सांगतली नाई, सासूलेही नाई. धम्मदीप बसवरून येई तेव्हा सुगंधाबाई वाचनालयात पेपर वाचाले गेलेली राहे. सांगाचं होतं, रोज ठरवे, आज सांगन. पण कोणी हात पकडून "काय वो हात तुहा!" म्हटलं का तिचं तोंड बंद होऊन जाये. बावीस वर्षांची पोरगी, तारीफ कोणाले कडू लागते?

मंग आली सप्टेंबरात वार्डाची मीटिंग. पंधरा-सोळा ऑक्टोबरले चंद्रपुरात दीक्षाभूमीवर माणूस मावत नाई. सावली, मुलचेरा, एटापल्ली, कुठून कुठून लोकं येतात, अन् रस्त्याच्या दोन्ही बाजूनं वार्डावार्डाचे भोजनदानाचे मंडप. सोनटेकडीचा मंडप अकरा वर्षांचा. अकराही वर्षं मसालेभात. समोरच्या वार्डवाले पुरी-भाजी, बुंदी, काय काय देत, अन् इकडं पाहून म्हणत, "काय भाऊ, यंदा काय? मसालेभात? वा वा!"

गुणवंतराव खाणीतून रिटायर झालेला माणूस, आवाज मोठा, छाती त्याहून मोठी. तो उठला अन् म्हणे, "या साली वरण-भात! वीस किलो डाळ! माही सून करन!"

टाळ्या! रिनाले वाटलं, आता बोललंच पाह्यजे. उठली पण. पण तिच्या हातात फोन, फोनवर माय, अन् मायनं सारं ऐकलं होतं. फोनमधून आवाज असा आला का पहिल्या रांगेलेही ऐकू गेला, "बाई! मी जीप करून येतो, अर्धं गाव आणतो! माही लेक हजार माणसाले वरण वाढन अन् मी घरी बसू?"

रिना खाली बसली. आता मागं फिराची वाट नाई. वरण बिघडलं तर सासऱ्याची छाती गेली, वार्डाची शोभा गेली, अन् मायच्या डोळ्यासमोर, अर्ध्या गावासमोर, तिचं नाव गेलं.

पण घाबराचं कायले? हिशोब सोपा होता. आठ मोठ्या कॅना. चौदा तारखेले धम्मदीपच्या बसनं येईन, पंधराले सकाळी गंजात.

चौदाले संध्याकाळी धम्मदीप घरी आला. दोन्ही हातात कॅना, खांद्यावर कॅना, दोरीत बांधून पाठीवर कॅना, अन् तोंडावर असं हसू जसं पारितोषिक भेटलं. रिनानं एक कॅन उचलली. उचलली तं ती हातासोबत वरच आली. हलकी. दुसरी, हलकी. आठही!

"पाणी कुठी आहे?"

"वाघ होता, रिना."

"वाघानं पेलं?"

"अवो नाई. मूल गाव सोडलं अन् मधोमध रोडवर वाघ बसला. बसला म्हणजे असा पसरला, जसा त्याच्या अंगणात आहे. दोन्हीकडून गाड्या थांबल्या. दीड घंटा! फॉरेस्टवाले म्हणे कोणीच खाली उतराचं नाई. बसमध्ये शंभर माणूस, पोट्टे रडून राह्यले, गरमी अशी. सारे दीक्षाभूमीले येणारे. एका बाईनं विचारलं, कंडक्टर साहेब, लेकराले घोटभर पाणी आहे का?" तो रिकाम्या कॅनवर बसला. "आता तू सांग. आपण पाण्याले नाई म्हणाचं? आपण? अन् उद्या दीक्षाभूमीवर हात जोडाचे?"

रिनानं हातातली कॅन खाली ठेवली. तिच्याही तोंडून "नाई" निघालं नसतंच. "साऱ्यांले दिलं?"

"ड्रायव्हरलेही दिलं. बाजूच्या बसवाल्याईले खिडकीतून दिलं." मंग हळूच, "वाघ उठून गेला तेव्हा एकच गिलास उरला होता, तो मी पेलो."

ती आधी हसली, मंग रडली, मंग दोन्ही एकाच वेळी. मंग उठून वीस किलो डाळ भिजत घातली. नळाच्याच पाण्यात. दुसरं होतं काय?

पंधराले सकाळी सात वाजता मंडपात चूल पेटली. गंज एवढा मोठा का आत बसून आंघोळ करा. डाळ, पाणी, हळद, तेल. बाराले पंगत बसाची होती. आठ वाजले, पाणी खदखदलं. नऊ वाजले. रिनानं सराट्यावर चार दाणे घेतले, दाबले. कटकट! साडेनऊ. छर्रे आहेत छर्रे, बंदुकीत भरा. तिचं काळीज चुलीच्या वर उकळून राह्यलं होतं. अन् मंडपात माइकवर गुणवंतराव, "याच ठिकाणी, थोड्याच वेळात, सोनटेकडीचं सुप्रसिद्ध वरण..." सुप्रसिद्ध! कधी झालं सुप्रसिद्ध?

तिच्या कमरेले एक पुडी खोचली होती. खायचा सोडा. मोबाइलमध्ये पाह्यलं होतं का चिमूटभर टाकला तर डाळ शिजते. आयुष्यात कधी टाकला नव्हता, माय म्हणे सोडा टाकते ते स्वयंपाकीण नोहय. पण आता वरणाची लाज का सोड्याची? इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् अख्खी पुडी सोडली गंजात. मंग सराटा दिव्यानीच्या हातात देऊन ती चूळ भराले गेली. परत आली, तर लोकं एकदम प्रेमात! दिव्यानी म्हणे, "रिना वो, तिकडं सांबाराच्या हिरव्या जुड्या निसून ठेवल्या, पाहून येतं का?" ती पाहून आली. समोरची काकू म्हणे, "बाई, ते पाह्य, हेलिकॉप्टर!" रिनानं वर पाह्यलं. काहीच नाई. सासू म्हणे, "तू थोडी बस, थकली असशीन, मी हलवते." सुगंधाबाईनं लग्नापासून कधी "बस" म्हटलं नव्हतं. इतवारीभाऊ तं दुकान बंद करून आला अन् म्हणे, "बाई, मीठ पाहू का जरासं?"

दहा वाजले. गंजातून आवाज आला. घुर्रर्र.

अन् फेस! पांढरा, जाड, फुगलेला फेस काठावर आला, काठावरून खाली, चुलीवर फस्स, जमिनीवर, लोकं मागं, फेस पुढं. "अवो वाढून राह्यलं! अवो काढा!" दोन जण बादल्या घेऊन धावले, दिव्यानीनं झाकण दाबलं तर झाकण दिव्यानीसकट वर उचललं गेलं. इतवारीभाऊ ओरडे, "पाच महिन्यांत सतरा साबण विकले म्या या एका घराले, एकाले फेस नाई आला! डाळीले आला!"

फेस बसला. साऱ्यांनी वाकून आत पाह्यलं. डाळ शिजली होती. शिजली म्हणजे गळून गेली होती, बासुंदीसारखी. पण लाल! हळदीचं पिवळं वरण कुठीच नाई, आत लाल भडक, जसं कोणी गुलालाचं पोतं ओतलं. रिनानं बोट चाटलं. तोंडात साबणाचा वास.

"किती सोडा टाकला तू?" दिव्यानीनं हळूच विचारलं.

"एक पुडी," रिना म्हणे. मंग तिच्या ध्यानात आलं. "तुले काय माहीत सोडा टाकला म्हणून?"

दिव्यानी हात पदराले पुसाले लागली. काकू परत वर हेलिकॉप्टर पाहाले लागली. इतवारीभाऊ मंडपाच्या बांबूकडे पाहून राह्यला. मंग एकेकाच्या तोंडून निघालं. "मी एक मूठ टाकली." "मीही मूठच." "म्या दोन पुड्या, दुकानातल्या." शेवटी सुगंधाबाई पदर ओला असल्यासारखा पिळत म्हणे, "मी नेहमीएवढाच."

"नेहमीएवढा?"

"अवो रिना, या पाण्यात बिना सोड्याची डाळ कोणाच्या बापानं शिजवली का? किती वर्षं झाले, सारा वार्ड टाकते, कोणी कोणाले सांगत नाई! तूच एक होती बिना सोड्याची."

रिना खाली बसली, विटेवर. "मामी, मी नव्हती," ती सासूले म्हणे. "माहं पाणी सावलीचं होतं. तुमचा पोरगा बसमधून आणे. रोज." 

अन् मंग सुगंधाबाईच्या पोटातून असं हसू निघालं का तिले खांबाले धरा लागलं, ती हसली तशी दिव्यानी, दिव्यानी हसली तशी काकू, सारा मंडप हसून राह्यला अन् मधोमध वीस किलो लाल डाळ! तेवढ्यात रोडवर जीपचा हॉर्न. रिना ताडकन उठली. "माय आली!"

जीपमधून चौदा माणसं उतरली अन् सर्वात पुढं रुखमा, पांढरं लुगडं, कडक इस्त्री. "जय भीम, इहीनबाई! कुठी आहे वरण?" सुगंधाबाई गंजासमोर हात पसरून उभी राह्यली. "जय भीम, जय भीम! आधी चहा घ्या न!"

"चहा कायले? आम्ही वरणासाठी आलो."

"दोन चहा घ्या!"

गंजामागं रिनाची गत वाईट. सराटा हातात, लाल वरण त्यावरून टपटप. दिव्यानी ताटात ठेवाले लिंबाच्या फोडी चिरून राह्यली होती, घाबरून तिनं रिनाचा हात पकडला, "काय करू वो आता?" अन् सराट्यावर दोन थेंब पडले लिंबाचे. रिनानं पाह्यलं. लाल सराट्यावर दोन पिवळे ठिपके.

"दिव्यानी. पिळ अजून."

पिळलं. फसफस. अख्खा सराटा पिवळा! रिनानं चाटलं. साबण गायब!

"लिंबू किती आहेत?"

"पन्नास फोडी."

पन्नास फोडीनं या गंजाचं काय होते? रिना ओरडली, मायसमोर, सासऱ्यासमोर, माइकपेक्षा मोठ्यानं, "चिंच! ज्याच्या घरी जेवढी आहे तेवढी! पळा!"

अन् सोनटेकडीच्या बाया जशा पळाल्या तशा कोणत्याच शर्यतीत कोणी पळालं नसंन. बरण्या आल्या, डबे आले, इतवारीभाऊच्या दुकानातला अख्खा डबा आला. कोमट पाण्यात कोळ काढाले आठ बाया बसल्या, कोपरापर्यंत हात. सावलीवाल्याईले कोणी काही सांगतलं नाई, तरी रुखमानं पदर खोचला अन् तीही बसली. फक्त एकदा गंजात डोकावून म्हणे, "लाल काऊन आहे?"

"सोडा, माय," रिना म्हणे.

"तू टाकला?"

"साऱ्यांनीच टाकला."

रुखमानं लेकीकडे पाह्यलं अन् चिंच जोरानं पिळली.

कोळ गंजात गेला अन् परत फेस! पण आता कोणी मागं सरलं नाई, आता हळूहळू टाका, थोडं थोडं, गुणवंतराव माइक सोडून सराटा घेऊन उभा, "हलवा! हलवा! पोरगी म्हणते तसं हलवा!" काठाकाठानं लाल फाटून राह्यलं होतं, मधातून केशरी, मंग पिवळं, अन् मंग सारं गंजच पिवळं धम्मक! टाळ्या, शिट्ट्या, समोरच्या वार्डाचे लोकं पुरीचे झारे हातात घेऊन पाहाले आले. रिनानं चव घेतली. "मीठ कोणीच टाकाचं नाई! सोड्यानंच खारट झालं आहे. गूळ आणा, लसूण-मिरचीची फोडणी द्या, सांबार टाका. अन् हेलिकॉप्टर कोणाले दिसलं तरी वर पाहू नका!"

बारा वाजता पंगत बसली. पहिला घास पहिल्या माणसाच्या तोंडात गेला तेव्हा रिना सराटा धरून तिथीच उभी. तो एटापल्लीकडचा एक म्हातारा होता. त्यानं चावलं. थांबला. पत्रावळी पुढं केली. "बाई, आंबट वरण अजून दे."

एक वाजला, रांग वाढली. दोन वाजले, समोरच्या वार्डवाला एक जण पुरी घेऊन इकडं आला, वरणात बुडवाले. रिना वाढते, वाढते, हात भरून आला, केस आधीच खराटा, त्याले आता फोडणीचा वास. रुखमा बाजूले भात वाढत होती, लोकाईले आधी, म्हणे, मी नंतर खाईन. तीन वाजता रिनानं गंजात सराटा घातला तर खण्णकन वाजला. बुडाशी एकच सराटा वरण. तिनं ते द्रोणात काढलं अन् मायपुढं धरलं.

रुखमानं उभ्यानंच खाल्लं. पहिला घोट. दुसरा. बोटानं द्रोण पुसला. लेकीकडे पाह्यलंच नाई! सरळ मूठभर भात घेतला, गंजावर वाकली, अन् भातानं आतली भिंत पुसाले लागली, लेकरं पुसतात तशी.

"इहीनबाई!" सुगंधाबाई दुसरीकडून भात घेऊन धावली. "अर्धी बाजू माही आहे! सोडा म्या टाकला होता!"

"अन् चिंच कोणी पिळली?" गंजाच्या आतूनच रुखमाचा आवाज आला, घुमून. "तुम्ही सरका तिकडं! हे माह्या लेकीच्या हातचं आहे!"

दोघींची डोकी आत टकरावली, खण्ण. रिना भाताच्या रिकाम्या पोत्यावर बसली अन् हसता हसता तिले उचकी लागली. बाहेर रांगेतून कोणीतरी आवाज दिला, "बाई, वरण आहे का?"

"संपलं!" ती उभी होऊन, उचकी खात, अख्ख्या रोडले ऐकू जाईन असं ओरडली. "संपलं वो, सारं संपलं!"